लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी कारखानानिर्मित बोल्ट-ॲक्शन रायफलची निवड : पनवेल परिसरातील नेमबाजांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळणाऱ्या नवोदितासमोर 'कोणती रायफल घ्यावी' हा प्रश्न सर्वप्रथम उभा राहतो. वस्तुतः हा प्रश्न सर्वांत शेवटी सोडवावयाचा असतो. स्पर्धेचा प्रकार, कायद्याची चौकट, उपलब्ध मैदान आणि काडतुसाचा पुरवठा या चार बाबी निश्चित झाल्यानंतरच रायफलच्या रचनेचा विचार सार्थ ठरतो. प्रस्तुत लेखात पनवेल परिसरातील नेमबाजाची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून बोल्ट-ॲक्शन रायफलची रचना, अचूकतेचे मोजमाप, वाऱ्याचा परिणाम, कोकणातील हवामान आणि परवान्याचे नियम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : बोल्ट-ॲक्शन रायफल, लक्ष्यवेध, कॅलिबर, नळीचा पीळ, गटमापन, शस्त्र परवाना, पनवेल

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात रायफल नेमबाजीची परंपरा आता चांगलीच रुजली आहे. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत १० मीटर एअर रायफलच्या दुहेरी प्रकारात सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिच येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडी गावचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. या यशाचा परिणाम म्हणून शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली मोठ्या संख्येने या खेळाकडे वळत आहेत.

या वाटचालीत पनवेलचे स्थान विशेष आहे. २००४ मध्ये क्वालालंपूर येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण नोंदवून विश्वविक्रमाची बरोबरी करणाऱ्या आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००६ मध्ये स्थापन केलेला 'लक्ष्य शूटिंग क्लब' पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत आकारास आला. प्रशिक्षक म्हणून त्यांना २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलचे सुवर्ण आणि ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्य अशी दोन पदके मिळविली. दहा मीटरच्या बंदिस्त मैदानावर घडलेला नेमबाज पुढे पन्नास मीटरवर कसा जातो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दहा मीटरवर हवेच्या दाबाची रायफल वापरली जाते. पन्नास मीटर आणि त्यापुढील अंतरावर मात्र दारूच्या काडतुसाची, म्हणजे कायद्याच्या भाषेत अग्निशस्त्राची, गरज भासते. या टप्प्यावर केलेली चुकीची निवड महागात पडते. रायफल आयात केलेली असते, तिची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अनेक महिन्यांच्या उत्पन्नाइतकी असते आणि परवान्यावर एकदा नोंद झालेले शस्त्र बदलणे हे दुकानात वस्तू बदलून घेण्याइतके सोपे नसते. म्हणूनच या निवडीचा शास्त्रशुद्ध विचार आवश्यक ठरतो.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) 'लांब पल्ला' या संज्ञेचा भारतीय परिस्थितीतील अर्थ स्पष्ट करणे.
२) बोल्ट-ॲक्शन रायफलच्या अचूकतेमागील यांत्रिक कारणांची मांडणी करणे.
३) अचूकतेच्या दाव्यांची पारख करण्याची सोपी गणिती रीत सांगणे.
४) पनवेल परिसरातील नेमबाजासाठी निवडीचा व्यवहार्य क्रम सुचविणे.

३. लांब पल्ला म्हणजे किती?

पाश्चात्त्य देशांतील लांब पल्ल्याची नेमबाजी साधारणतः ३०० मीटरपासून १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटरपर्यंत चालते. भारतात नागरी नेमबाजाला एवढ्या लांबीचे मैदान सहजासहजी मिळत नाही. ३०० मीटरची मोठ्या बोअरची स्पर्धा येथे होत असली तरी त्या अंतराची मैदाने प्रामुख्याने लष्कर, निमलष्करी दले आणि पोलीस यांच्या ताब्यात असतात. पनवेलच्या नेमबाजाला सरावासाठी सहज गाठता येण्याजोगे मोठे ठिकाण म्हणजे द्रुतगती मार्गाने पोहोचता येणारे पुण्याचे म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल होय. तेथील रायफलचे सर्वांत लांब नियमित अंतर ५० मीटर आहे. तात्पर्य, येथील बहुसंख्य नेमबाजांच्या दृष्टीने ५० मीटर हाच व्यवहारातील लांब पल्ला ठरतो.

हे अंतर कमी वाटले तरी त्याची कसोटी सौम्य नाही. ही बाब पटण्यासाठी अंतराऐवजी कोनाचे माप घ्यावे लागते. एका अंशाचे साठ भाग केल्यास एक मिनिट मिळते. नेमबाजांच्या बोलण्यात या मापाला 'एम.ओ.ए.' म्हणतात. ५० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर, ३०० मीटरवर ८७ मिलिमीटर आणि १००० मीटरवर २९ सेंटिमीटर.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १० मीटरच्या लक्ष्यावर ०.५ मिलिमीटर, ५० मीटरच्या लक्ष्यावर १०.४ मिलिमीटर आणि ३०० मीटरच्या लक्ष्यावर १०० मिलिमीटर असतो. गोळीची कड वर्तुळाला स्पर्श करून गेली तरी तो गुण मिळतो, म्हणून वर्तुळाच्या व्यासात गोळीचा व्यास मिळवावा लागतो. १० मीटरसाठी ४.५, ५० मीटरसाठी ५.६ आणि ३०० मीटरसाठी ८ मिलिमीटर धरल्यास दहा गुणांसाठी मिळणारी मोकळीक अनुक्रमे ५, १६ आणि १०८ मिलिमीटर येते. कोनाच्या मापात हीच मोकळीक १.७२, १.१० आणि १.२४ मिनिटे भरते. म्हणजेच पूर्ण दहा गुणांपुरता विचार केल्यास ५० मीटरचे लक्ष्य हे तिन्ही लक्ष्यांत सर्वांत अरुंद आहे. 'पन्नास मीटर म्हणजे जवळचेच' ही समजूत या गणितापुढे टिकत नाही.

४. बोल्ट-ॲक्शन रचनाच का?

बोल्ट-ॲक्शन रायफलमध्ये नेमबाज हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरतो व रिकामे कवच बाहेर काढतो. गोळी सुटण्याच्या क्षणी या यंत्रणेत कोणताही भाग हलत नाही. आघातपिन पुढे जाते एवढेच. स्वयंभरण रायफलमध्ये वायू अथवा मागच्या धक्क्याच्या जोरावर यंत्रणा चालते आणि तिच्या हालचालीचे हादरे नळीपर्यंत पोहोचू शकतात. स्थिरता, साधेपणा आणि काडतूस चेंबरमध्ये दर वेळी एकाच स्थितीत बसणे या तीन कारणांमुळे लक्ष्यवेधात बोल्ट-ॲक्शनचे वर्चस्व टिकून आहे.

बोल्टला चेंबरशी जखडणाऱ्या उंचवट्यांना 'लग' म्हणतात. पॉल मौझर यांच्या १८९८ च्या रचनेत दोन मुख्य लग बोल्टच्या पुढच्या टोकाशी आहेत. त्यामुळे स्फोटाचा दाब काडतुसाच्या लगत पेलला जातो आणि बोल्टची लांबी दाबाखाली आखडत नाही. आजच्या बहुतेक मोठ्या बोअरच्या कारखानानिर्मित रायफली याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. १९६२ मध्ये बाजारात आलेली रेमिंग्टन ७०० आणि फिनलंडच्या साको कारखान्यात तयार होणारी टिक्का टी३एक्स ही त्याची परिचित उदाहरणे होत. याउलट ली-एनफिल्ड रायफलचे लग बोल्टच्या मागील भागात असतात. युद्धभूमीवर जलद भरणीसाठी ती रचना उत्तम होती, परंतु दाबाखाली बोल्ट किंचित आखडत असल्याने सूक्ष्म लक्ष्यवेधासाठी ती कमी अनुकूल ठरते. इशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होणारी .३१५ बोअरची भारतीय रायफल याच ली-एनफिल्ड वंशातील आहे. ती टिकाऊ आहे व देशात सर्वपरिचित आहे. मात्र निव्वळ लक्ष्यवेधाच्या हेतूने तिची रचना झालेली नाही, याची नोंद नवोदिताने घ्यावी.

.२२ बोअरच्या स्पर्धात्मक रायफलींचे गणित थोडे वेगळे आहे. या काडतुसाचा दाब कमी असल्याने मागील लगही पुरेसे ठरतात. तेथे महत्त्व असते ते यंत्रणेच्या ताठपणाला आणि चापाच्या गुणवत्तेला. १८५६ मध्ये सुरू झालेल्या व दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील उल्म येथे नव्याने उभ्या राहिलेल्या ॲन्शुट्झ कारखान्याची 'मॅच ५४' ही यंत्रणा या क्षेत्रात अनेक दशके मानदंड मानली गेली. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, ब्लाइकर हे युरोपीय कारखानेही याच श्रेणीतील रायफली तयार करतात.

५. नळी, पीळ आणि गोळी यांचा मेळ

रायफलच्या अचूकतेत नळीचा वाटा सर्वांत मोठा असतो. नळीच्या आतील पेचदार खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवितात. भोवरा जसा गतीमुळे उभा राहतो तशी गोळी या फिरकीमुळे हवेत स्थिर राहते. गोळी एक पूर्ण फेरा घेण्यासाठी जेवढी लांबी घेते तिला पीळ म्हणतात. '१२ इंचाचा पीळ' म्हणजे १२ इंचात एक फेरा. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट.

कोणत्या गोळीला किती पीळ लागेल, याचे एक जुने व सोपे सूत्र ब्रिटिश गणितज्ञ आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागावे. सर्व मापे इंचात घ्यावीत. .३०८ इंच व्यासाची आणि १.२१५ इंच लांबीची गोळी घेतल्यास व्यासाचा वर्ग ०.०९४९ येतो. त्याला १५० ने गुणून लांबीने भागल्यास सुमारे ११.७ इंच हे उत्तर मिळते. म्हणून या कॅलिबरच्या रायफलींना १० ते १२ इंचांचा पीळ दिलेला आढळतो. यातून एक व्यावहारिक नियम निघतो : गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा. वजनदार व लांबट गोळ्या दूर अंतरावर वाऱ्याला कमी दबतात. परंतु मंद पिळाच्या नळीतून त्या सोडल्यास हवेत कोलांट्या खाऊ लागतात. रायफल निवडताना पिळाचा आकडा न विचारणे ही नवोदितांची नेहमीची उणीव असते. .२२ लाँग रायफलच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्या काडतुसासाठी १६ इंचांचा पीळ सर्वमान्य झालेला आहे.

नळीचे आयुष्य हा दुसरा विचार. .२२ च्या नळीतून हजारो गोळ्या झाडल्या तरी तिची अचूकता टिकते. .३०८ ची नळी साधारणतः पाच हजार गोळ्यांच्या आसपास थकू लागते. ६.५ क्रीडमूर हे २००७-०८ च्या सुमारास पुढे आलेले काडतूस वाऱ्याच्या बाबतीत .३०८ पेक्षा सरस आहे, पण त्याच्या नळीचे स्पर्धात्मक आयुष्य दोन ते तीन हजार गोळ्यांचेच असते. भारतात नवी नळी बसविणे हे वेळखाऊ काम असल्यामुळे हा मुद्दा परदेशी वाचकापेक्षा येथील नेमबाजाला अधिक महत्त्वाचा आहे.

६. वारा आणि काडतूस

आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल हे ती किती वेळ हवेत राहिली यावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. गोळीला हवेचा विरोध नसता तर ती जेवढ्या वेळात लक्ष्यावर पोहोचली असती आणि प्रत्यक्षात जेवढा वेळ लागला, या दोहोंतील फरकाला विलंबकाल म्हणता येईल. वाऱ्याचा आडवा वेग गुणिले विलंबकाल एवढे गोळीचे विचलन होते. म्हणून केवळ वेगवान गोळी पुरेशी नसते. वेग टिकवून धरणारी गोळी हवी असते.

.२२ च्या स्पर्धात्मक काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते व नळीतून सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटर वेगाचा आडवा वारा ५० मीटरवर तिला सुमारे दीड सेंटिमीटर सरकवितो. दहा गुणांसाठीची मोकळीक मध्यापासून केवळ ८ मिलिमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूकही दहाचे नऊ करते. तोच वारा ३०० मीटरवर .३०८ ची गोळी १२ ते १५ सेंटिमीटर सरकवितो. तेथील मोकळीक मध्यापासून ५.४ सेंटिमीटर असते. दोन्ही ठिकाणी वारा वाचण्याची विद्या रायफलच्या किमतीहून मोलाची ठरते.

.२२ ची स्पर्धात्मक काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेली असतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. अधिक वेगवान काडतुसाची गोळी उड्डाणात असतानाच ध्वनीची सीमा ओलांडून खाली येते आणि त्या संक्रमणात तिचा मार्ग विस्कळीत होतो. शिवाय 'अधिक वेग म्हणजे अधिक अचूकता' हे समीकरण या अंतरावर उलटे पडते. वेगवान .२२ गोळीचा विलंबकाल अधिक असल्याने वारा तिला जास्त सरकवितो.

याच संदर्भात काडतुसांच्या उत्पादन-गटाचा, म्हणजे 'लॉट'चा, उल्लेख करणे आवश्यक आहे. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगळे निकाल देतात. म्हणून अनुभवी नेमबाज निरनिराळे लॉट स्वतःच्या रायफलमधून तपासून घेतात आणि जो उत्तम ठरेल त्याचा साठा परवान्याच्या मर्यादेत करतात. सामान्य काडतूस वापरून महागड्या रायफलला दोष देणे म्हणजे नाचता येईना अंगण वाकडे, असेच होय.

७. अचूकतेच्या दाव्यांची पारख

अनेक कारखाने आपली रायफल 'एक मिनिटाची' असल्याची हमी देतात. हा दावा बहुधा तीन गोळ्यांच्या गटावर आधारलेला असतो. गट म्हणजे सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर. गोळ्यांची संख्या वाढली की तीच रायफल, तोच नेमबाज आणि तेच काडतूस असूनही गट मोठा होत जातो. संख्याशास्त्रानुसार प्रत्येक दिशेतील प्रमाण विचलन एक मानल्यास तीन गोळ्यांचा सरासरी गट २.४१, पाच गोळ्यांचा ३.०७ आणि दहा गोळ्यांचा ३.८१ भरतो. ३.८१ ला २.४१ ने भागल्यास १.५८ येते. म्हणजे तीन गोळ्यांत एक मिनिटाचा गट देणारी रायफल दहा गोळ्यांत सुमारे १.६ मिनिटांचा गट देईल आणि यात तिचा काहीही दोष नसेल. स्पर्धेत साठ गोळ्या झाडायच्या असतात. त्यामुळे रायफलची तुलना करताना किमान दहा गोळ्यांचे दोन-तीन गट पाहावेत. एखादा सुंदर तीन गोळ्यांचा कागद पाहून हुरळून जाऊ नये.

दुसरा मुद्दा नेमबाज आणि रायफल यांच्या एकत्रित चुकीचा. या दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने नव्हे, तर वर्गांच्या बेरजेच्या वर्गमूळाने एकत्र येतात. समजा, नवोदिताची स्वतःची चूक २ एकके आणि रायफलची १ एकक आहे. एकत्रित चूक ५ चे वर्गमूळ म्हणजे २.२४ येते. आता दुप्पट अचूक रायफल घेतली, म्हणजे तिची चूक ०.५ झाली, तर एकूण चूक २.०६ होते. सुधारणा केवळ आठ टक्के. याउलट रायफल तीच ठेवून सरावाने स्वतःची चूक २ वरून १.५ वर आणली तर एकूण चूक १.८० होते. सुधारणा सुमारे एकोणीस टक्के. नवोदिताने पैसा कोठे खर्चावा याचे उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे. सर्वोच्च पातळीवर मात्र चित्र पालटते. तेथे नेमबाजाची चूक रायफलच्या चुकीइतकी लहान झालेली असते आणि तेव्हाच अत्युच्च दर्जाच्या रायफलचा खरा उपयोग होतो.

८. दस्ता, चाप आणि नेमयंत्रणा

दस्ता नेमबाजाच्या शरीराला जुळला पाहिजे. खांद्यापासून चापापर्यंतची लांबी, गालाच्या आधाराची उंची आणि मागील पट्टीचा कोन बदलता येतो की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी तर ही सोय अनिवार्यच मानावी. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटर रायफलचे कमाल वजन ८ किलो, तर ३०० मीटर स्टँडर्ड रायफलचे ५.५ किलो आहे. कमाल वजन म्हणजे योग्य वजन नव्हे. उभ्या स्थितीत साठ किंवा वीस गोळ्यांपर्यंत जेवढे वजन थरथर न होता पेलवते तेवढेच आपले वजन.

कोकणातील हवामानाच्या दृष्टीने दस्त्याचे साहित्य महत्त्वाचे आहे. पनवेलला खाडीची खारट हवा आणि जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस यांचा सामना करावा लागतो. अक्रोडाचा अखंड लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो व कोरड्या हवेत आकसतो. पनवेलमध्ये कसलेली रायफल हिवाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत नेली की तिचा नेम किंचित सरकू शकतो. थर चिकटवून बनविलेले लाकूड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा या बाबतीत अधिक भरवशाचा असतो. नळी गंजरोधक पोलादाची असल्यास देखभाल सोपी जाते, परंतु तीही गंजापासून पूर्णतः मुक्त नसते. सरावानंतर नळी पुसून तेलाचा पातळ हात फिरविणे आणि रायफल बंद खोक्यात ओलसर न ठेवणे हे नियम पावसाळ्यात कटाक्षाने पाळावेत.

नळी दस्त्याला कोठेही घासता कामा नये. यंत्रणेपासून नळीच्या टोकापर्यंत दस्त्याच्या फटीतून कागदाची पट्टी विनाअडथळा सरकली पाहिजे. ही तपासणी कोणत्याही खरेदीदाराला दुकानातच करता येते. त्याचबरोबर नळीचे तोंड ओरखड्याविना आहे का, बोल्टचे दोन्ही लग सारखे टेकतात का आणि चाप दर वेळी एकाच वजनाला सुटतो का, हेही पाहावे. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलच्या चापाचे वजन किमान १५०० ग्रॅम असावे लागते. आंतरराष्ट्रीय ५० मीटर व ३०० मीटर स्पर्धांत दुर्बिणीला परवानगी नाही. तेथे मागे छोट्या छिद्राची व पुढे कड्याची नेमयंत्रणा वापरली जाते. परदेशांतील 'एफ-क्लास' प्रकारात मात्र दुर्बीण व टेकू चालतो. त्याच्या एफ-टीआर या उपप्रकारात केवळ .२२३ आणि .३०८ ही दोनच कॅलिबरे मान्य आहेत. परदेशी लेखनात .३०८ च्या शिफारशी वारंवार आढळण्यामागे हेही एक कारण आहे. ती शिफारस येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

९. कायद्याची चौकट

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक आहे. हवेच्या रायफलींच्या बाबतीत ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा ही मर्यादा महत्त्वाची आहे. दहा मीटरची स्पर्धात्मक एअर रायफल या मर्यादेत बसते. .२२ ची रायफल मात्र परवान्याच्या कक्षेत येते. परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याखालील नेमबाजांना प्रशिक्षणापुरती वेगळी तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, तर नेमबाज खेळाडूंसाठी केंद्र शासनाने स्वतंत्र सवलती ठेवल्या आहेत. या सवलती खेळाडूच्या दर्जाशी निगडित असल्याने अधिकृत स्पर्धांतील गुणांच्या नोंदी जपून ठेवणे हिताचे असते.

स्पर्धांची ही साखळी भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत चालते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये ही संघटना स्थापन झाली आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा अनेक नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेचे दार ठरली.

कॅलिबरच्या निवडीत कायद्याचा प्रभाव निर्णायक आहे. सैन्यदलांच्या वापरातील कॅलिबरे प्रतिबंधित बोअरच्या वर्गात मोडतात आणि त्यांची परवानगी सर्वसाधारण परवान्याप्रमाणे मिळत नाही. म्हणून रायफल पसंत करण्यापूर्वी तिचे कॅलिबर कोणत्या वर्गात येते याची परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी खातरजमा करावी. पनवेल शहर व परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने तेथील अर्जदाराचा संबंध आयुक्तालयाशी येतो. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील रायगडच्या तालुक्यांतील अर्जदाराला अलिबाग येथील जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. घरात शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलूपबंद ठेवणे ही कायदेशीर औपचारिकता नसून कुटुंबाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

१०. निवडीचा सुचविलेला क्रम

वरील विवेचनाच्या आधारे पनवेल परिसरातील नेमबाजासाठी पुढील क्रम सुचविता येईल.

प्रथम, दहा मीटर एअर रायफलवर गुणांत स्थैर्य येईपर्यंत अग्निशस्त्राचा विचार लांबणीवर टाकावा. श्वासावरील ताबा, चापाची ओढ आणि गोळी सुटल्यानंतरही नेम टिकविणे या तिन्ही गोष्टी तेथेच स्वस्तात शिकता येतात.

दुसरे, स्पर्धेचा प्रकार ठरवावा. ऑलिंपिकमध्ये आज ५० मीटर थ्री पोझिशन्स हाच काडतुसाच्या रायफलचा प्रकार आहे. २०१६ नंतर ५० मीटर प्रोन वगळण्यात आला. त्यामुळे तिन्ही स्थितींत जुळवून घेणारा दस्ता हवा.

तिसरे, क्लबच्या किंवा सहकाऱ्याच्या रायफलवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व कायद्याच्या चौकटीत राहून सराव करावा. दोन-तीन वेगवेगळ्या रचना हाताळल्यावर स्वतःच्या शरीराला काय जुळते हे उमगते.

चौथे, परवाना, आयात आणि काडतुसांचा नियमित पुरवठा यांची खात्री करावी. काडतूस न मिळणारी उत्तम रायफल ही भिंतीवरची शोभा ठरते.

पाचवे, उपलब्ध रकमेचा मोठा भाग रायफलवर न घालविता काडतुसे, नेमबाजीचे जाकीट, प्रवास आणि प्रशिक्षण यांसाठी राखून ठेवावा. सुस्थितीतील वापरलेली स्पर्धात्मक .२२ रायफल हा अनेकदा शहाणपणाचा पर्याय असतो, कारण तिच्या नळीचे आयुष्य दीर्घ असते.

सहावे, ३०० मीटर अथवा त्यापुढील प्रकाराकडे जाण्याची मनीषा असल्यास मैदानाची लेखी उपलब्धता आणि कॅलिबरची कायदेशीर मान्यता हातात आल्याखेरीज मोठ्या बोअरच्या रायफलची मागणी नोंदवू नये.

११. निष्कर्ष

१) भारतीय नागरी नेमबाजासाठी ५० मीटर हाच व्यवहार्य लांब पल्ला असून त्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाची कोनीय कसोटी ३०० मीटरपेक्षा किंचित कठोर आहे.
२) बोल्ट-ॲक्शन रायफलची अचूकता नळी, यंत्रणेचा ताठपणा, चाप आणि दस्ता यांच्या मेळातून येते. केवळ कारखान्याच्या नावातून ती येत नाही.
३) तीन गोळ्यांच्या गटावर आधारलेले दावे दिशाभूल करणारे असतात. दहा गोळ्यांचे एकाहून अधिक गट हीच विश्वसनीय कसोटी होय.
४) नवोदिताच्या बाबतीत सरावातून होणारी सुधारणा रायफल बदलून होणाऱ्या सुधारणेपेक्षा अधिक असते.
५) परवाना, मैदान आणि काडतूस हे तीन प्रश्न सुटल्यानंतर उरलेल्या पर्यायांतूनच रायफल निवडावी.

पनवेलमधील दहा मीटरच्या मैदानावर घडणाऱ्या पिढीपुढे पन्नास मीटरचे दार उघडे आहे. त्या दारातून जाताना पालकांची पुंजी आणि खेळाडूची उमेदीची वर्षे पणाला लागलेली असतात. प्रशिक्षक, क्रीडा संस्था आणि महाविद्यालयांचे क्रीडा विभाग यांनी सामायिक वापराच्या रायफली व काडतूस तपासणीची सोय उपलब्ध करून दिल्यास ही जोखीम पुष्कळ अंशी कमी होईल. खरेदीची घाई टळेल आणि निवड जाहिरातीवर नव्हे, तर लक्ष्यावरील छिद्रांवर आधारलेली राहील.